माशी कुठे शिंकली?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेचा दिवस. आमच्या स्वयंपाकघरात चिवड्याची फोडणी चालली होती. मिरच्या जरा जास्त तडतडल्या आणि घरात अशी काही खाट उठली की, नातवंडांपासून भांड्यांना येणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांनी शिंकांचा सपाटा लावला. एकटी आत्या मात्र ढिम्म. ती आपली दुसऱ्या शेगडीपाशी खुर्ची ओढून बेसन भाजत बसली होती. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बेसन कधी झाले ते तिला वासावरून कळते.

बेसन उतरवले, पदराने कपाळ टिपले आणि ती पूर्वेच्या गॅलरीत जाऊन उन्हात उभी राहिली. तिथे तिने एकामागून एक तीन शिंका दिल्या. अगदी खणखणीत!

“आत्याआजीच्या तीनच असतात,” धाकटा नातू म्हणाला, “आणि उन्हात गेली की असतात.”

माझ्या हातातला झारा हातातच राहिला. या तीन शिंका मी परकर-पोलक्याच्या वयापासून ऐकत आले आहे. पण महिन्याभराने आत्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला होता, आणि त्या तीन शिंकांचा व त्या डोळ्याचा काही संबंध आहे, हे भूल देण्यात उभा जन्म काढलेल्या माझ्या डोक्यात घरच्या माणसाच्या बाबतीत आलेच नव्हते. ते सात वर्षांच्या पोराच्या तोंडून यावे लागले.

नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, या सदराची लेखिका कामाने रोग्याच्या उशाशी बसणारी. सर्जन मंडळी पोट, हाड, डोळा पाहतात. मी श्वास मोजते. तेव्हा आजची गप्पाही श्वासाचीच, म्हणजे शिंकेची.

आपल्या लोकांचे शिंकेशी नाते जुने. बाहेर निघताना कुणी शिंकले की चपला काढून घोटभर पाणी पिऊन मग निघायचे. बोलता बोलता शिंक आली की बोललो ते सत्य. पोर शिंकले की ‘शतंजीव’. आणि जमत आलेले लग्न फिसकटले की मंडळी विचारणार, “माशी कुठे शिंकली?” माशीला शिंकताना कुणी पाहिले आहे देव जाणे, पण दोष मात्र तिच्या माथी. आणखी एक गोष्ट आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेली आठवते. शिंक नाकात येऊन अडली, धड येईना की जाईना, तर ती म्हणायची, “वर उन्हाकडे बघ, येईल.” आणि यायची, म्हणजे ज्यांना यायची त्यांनाच यायची. मला कधी आली नाही, आणि मी उगीच डोळे दिपवून घेत असे.

या ‘ज्यांना यायची त्यांनाच’ मध्ये सगळी मेख आहे. अंधारातून एकदम उजेडात आले की काही माणसांना शिंका येतात, काहींना मुळीच येत नाहीत. ॲरिस्टॉटलच्या नावावर मोडणाऱ्या एका जुन्या प्रश्नसंग्रहात हाच प्रश्न आहे : सूर्याच्या उष्णतेने शिंक येते, मग चुलीच्या उष्णतेने का येऊ नये? पुढे इंग्लंडात फ्रान्सिस बेकनने त्यात आणखी डोके घातले. त्याच्या मृत्यूनंतर १६२७ साली निघालेल्या पुस्तकात तो म्हणतो, की नाक तापल्याने शिंक येत असती, तर डोळे मिटून नाक उन्हाकडे धरले तरी यायला हवी होती. तशी येत नाही. म्हणजे शिंकेचे दार डोळ्यात आहे, हे त्याने बरोबर हेरले. पुढचे त्याचे, मेंदूतला ओलावा खाली झरतो वगैरे, ते मात्र सोडून द्यावे. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या प्रकाराला ‘ऑटोसोमल डॉमिनंट कम्पेलिंग हीलिओ-ऑफ्थॅल्मिक आउटबर्स्ट’ असे भलेमोठे नाव दिले. त्यातली इंग्रजी अक्षरे मोठ्या खुबीने वेचली की ‘अच्छू’ होते! डॉक्टरांना विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पाहणीगणिक आकडा बदलतो, पण शंभर माणसांत साधारण अठरा ते पस्तीस माणसे अशी उन्हाला शिंकणारी असतात, असे सांगतात. हा गुण रक्तातून उतरतो. आईला किंवा वडिलांना असला तर मुलाला असण्याचा संभव निम्मा. आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, मुंबईहून पुण्याला गाडी हाकत येतो तेव्हा भातणच्या बोगद्यातून बाहेर पडता पडता हटकून शिंकतो. शेजारी बसलेली वहिनी त्या वेळी देवाचे नाव घेत असते. लढाऊ विमान चालवणाऱ्यांसाठी हा धोका समजावा काय, यावर लष्करी डॉक्टरांनी लिहिलेले आहे. वहिनीच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवे.

आता डोळ्याचा आणि नाकाचा संबंध काय? चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवणारा एक जाड मज्जातंतू दोन्ही बाजूंना आहे. त्याला तीन फाटे. वरचा फाटा कपाळ, भुवई, वरची पापणी आणि डोळा यांचा, मधला गाल, खालची पापणी आणि वरचा ओठ यांचा, खालचा जबड्याचा. पण वरच्या फाट्याची एक डहाळी डोळ्याच्या खोबणीतून वाट काढीत थेट नाकात उतरते. म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांना एकच विजेची तार असावी तसे झाले. एकीकडे बटण दाबले की दुसरीकडे दिवा लागायचा. ब्यूटी पार्लरमध्ये भुवया कोरताना शिंका येणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील; ती हीच तार. सगळ्या वर्द्या मेंदूच्या बुंध्याशी जाऊन पोचतात आणि तिथून हुकूम सुटतो : छाती भरून श्वास घे, घसा आवळ, डोळे मिट, आणि सोड! हा हुकूम एकदा सुटला की माणसाच्या हाती काही राहत नाही. त्यालाच आम्ही प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आणि या हुकुमात जुने वैर आहे. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू शलाकेने सारण्याची क्रिया सांगितली आहे आणि त्यानंतर रोग्याने काय काय करू नये याची यादी दिली आहे. ढेकर, खोकला, थुंकणे यांच्या जोडीला त्या यादीत ‘क्षवथु’ आहे. क्षवथु म्हणजे शिंक. ती कशी टाळायची, हे मात्र रोग्याने पाहावे!

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आत्याच्या वडिलांनी, ते पाहायचा फार प्रयत्न केला. १९६१ साल. त्या काळी मोतीबिंदू काढताना बुबुळाच्या कडेला जवळजवळ अर्धे वर्तुळ कापावे लागे. मग दिवसचे दिवस उताणे पडून राहायचे, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी. अण्णांना तपकिरीचे व्यसन. डब्बी आधीच काढून घेतलेली. उशाशी आत्या, त्या वेळी जेमतेम अठरा वर्षांची. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली, खिडकी उघडली, आणि अण्णांना शिंक आली. जखम उकलली. तो डोळा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर अण्णांना फैलावर घेतले, की चोरून तपकीर ओढलीत. अण्णा नाही म्हणत राहिले. घरातसुद्धा कुणी विश्वास ठेवला नाही. आमच्याकडे ही गोष्ट आजवर ‘अण्णांनी तपकिरीपायी डोळा घालवला’ अशीच सांगितली जाते. आता पट्टी सोडताक्षणी आलेली ती शिंक तपकिरीची होती की खिडकीतून आलेल्या उन्हाची, हे कोण सांगणार? पण ज्यांच्या मुलीला उन्हात तीन शिंका येतात आणि नातवाला बोगद्याच्या तोंडाशी, त्या अण्णांवरचा आळ मी तरी आता काढून घेतला आहे.

या प्रसंगामुळे आत्याने आपला मोतीबिंदू पिकून पार दगड होईपर्यंत अंगावर काढला. असो.

डोळा बधिर करण्याची युक्तीही काही फार पुरातन नव्हे. व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर होता. पुढे मनाच्या रोगांबद्दल जगप्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉइड हा त्याचा मित्र. फ्रॉइड कोकेनवर प्रयोग करीत होता. ते जिभेला लावले की जीभ बधिर होते, हे कोलरने ध्यानात घेतले आणि बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिला. मग स्वतःच्या डोळ्यात. त्या काळी इथर किंवा क्लोरोफॉर्म देऊन डोळा कापावा, तर शुद्धीवर येताना रोगी ओकाऱ्या काढायचा, खोकायचा, आणि केलेले काम बिघडवायचा. थेंबांनी ते सगळे संकट टळले. १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण तो सांगायला कोलर तिथे नव्हता. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून त्याचा निबंध दुसऱ्या एका डॉक्टरांनी वाचून दाखवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हर्मन नॅप यांनी डोळ्याच्या मागे सुईने औषध घालून पाहिले. १९३६ साली ॲटकिन्सन यांनी त्या सुईची पद्धत घालून दिली, आणि १९८६ साली डोळ्याच्या मागे खोल न जाता भोवतालीच औषध सोडण्याची जास्त सुरक्षित रीत छापून आली.

आज बहुतेक मोतीबिंदू नुसत्या थेंबांवर निघतात, छेद दोन-तीन मिलिमीटरचा, दुपारी रोगी घरी जेवायला. पण मोतीबिंदू फार कडक झालेला असला, काम डोळ्याच्या पडद्याचे किंवा पापणीचे असले, किंवा रोगी फारच बावरलेला, कानाने कमी ऐकणारा असला, तर सुई अजून लागते. सुई सुमारे एक इंच लांब. आपला डोळा पुढून मागे साधारण चोवीस मिलिमीटर, म्हणजे तोही इंचभरच. जाड चष्मा लावणाऱ्या जवळच्या दृष्टीच्या लोकांचा त्याहून लांब आणि त्याची भिंत पातळ. त्या गोळ्याच्या आणि हाडाच्या खोबणीच्या मधल्या अरुंद बोळातून सुई जाते. सराईत हाताला यात काही विशेष वाटत नाही. फक्त रोग्याचे डोके हलता कामा नये.

आणि सुई डोळ्याकडे येताना पाहून कुणाचे डोके स्थिर राहील? म्हणून आम्ही मिनिट-दोन मिनिटांची गुंगी देतो. गुंगीचे हल्लीचे आवडते औषध म्हणजे प्रोपोफॉल. सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातला एक घटक यांत घोटलेले, दिसायला निव्वळ दूध. शिरेतून दिले की माणूस बोलता बोलता मिटतो आणि लगेच प्रसन्न जागा होतो. सुई टोचल्याची आठवणही त्याला राहत नाही. सगळे नामी. पण याच औषधाच्या गुंगीत डोळ्याभोवती सुई गेली की काही रोगी फटकन शिंकतात! जागेपणी ज्यांना तशी शिंक आली नसती, तेही. डॉक्टरांचा तर्क असा की, मेंदूचा जो वरिष्ठ भाग एरवी अशा हुकुमांना आवर घालतो तो आधी झोपतो, आणि खालचा शिंकेचा कारकून जागाच असतो. साहेब डुलकीवर आणि शिक्का कारकुनाच्या हातात, असा मामला.

आता जी गोष्ट सांगायची ती मी या सदरात कधी सांगितलेली नाही, आणि सांगावी की नाही असा विचार करण्यात दोन दिवाळ्या गेल्या.

१९९८ साल. एक निवृत्त मास्तर मोतीबिंदूसाठी आले होते. गणित शिकवायचे. टेबलावर पडल्या पडल्या मला म्हणाले, “डॉक्टर, मी शंभरापासून उलटे आकडे म्हणतो, कुठे थांबतो ते लिहून ठेवा.” त्र्याण्णववर थांबले. सर्जननी खालच्या पापणीच्या बाहेरच्या कडेशी सुई घातली. मास्तरांनी एक खोल श्वास घेतला. मी मनात म्हटले, वा, श्वास छान चालला आहे! भूल देणाऱ्याला रोग्याचा भरगच्च श्वास पाहून बरे वाटते. आम्ही त्यासाठीच तर तिथे बसलेले असतो. मग दुसरा श्वास, पहिल्याहून खोल. आणि मग शिंक. उशीवरून डोके चार बोटे वर आले.

सर्जनच्या हाताची करंगळी मास्तरांच्या गालाच्या हाडावर टेकलेली होती, म्हणून डोक्याबरोबर हातही वर गेला आणि सुई डोळ्यात घुसली नाही. तेवढ्यावर निभावले. पण आत एक रक्तवाहिनी फाटली. पाहता पाहता पापणी जांभळासारखी निळीकाळी आणि टणक झाली. डोळ्याच्या मागे रक्त साचले की डोळ्यावर दाब येतो, आणि दाब फार वाढला तर दृष्टी जाते. आम्ही दोघे तास-दीड तास तिथेच उभे. दाब मोजायचा, पुन्हा मोजायचा. उतरला एकदाचा. शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली नाही. दीड महिन्याने झाली आणि चांगली झाली.

कागदावर मी लिहिले, ‘रुग्णाची हालचाल झाली.’ बाहेर बसलेल्या मुलाला सांगितले, “वडील जरा हलले.” शब्द खोटा नव्हता. संध्याकाळी खाटेपाशी गेले तर मास्तर डोळ्यावरच्या जाड पट्टीसकट उठून बसायला लागले आणि हात जोडून म्हणाले, “माफ करा हो डॉक्टर. मी हललो. माझ्यामुळे तुमची सगळ्यांची सकाळ फुकट गेली.”

मी म्हटले, “असू द्या, असू द्या.” दुसरे काही बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांना तपासताना मी उन्हाची गोष्ट विचारली. “हो तर,” मास्तर म्हणाले, “शाळेत प्रार्थनेला मैदानावर आलो की पहिली शिंक माझी. पोरं त्यावर घड्याळ लावायची.” त्या आधीच मला हे कुणी विचारले असते तर, असे ते म्हणाले नाहीत. त्यांना ते माहीतच नव्हते. प्रोपोफॉलच्या गुंगीत अशी शिंक येते, हे त्या दशकात वैद्यकीय मासिकांतून छापून आले होते. मी वाचले नव्हते. मास्तर आता हयात नाहीत. त्यांनी माझी माफी मागण्याचे काही कारण नव्हते, उलट होते, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

मास्तरांनंतर मी वाचायला लागले आणि पाहायलाही लागले. तो खोल श्वास, विशेषतः एकावर एक घेतलेला दुसरा, हीच शिंकेची नांदी असते. नाकपुडी फुलते, कपाळावर बारीक आठी उमटते. तेवढ्यात “सुई काढा” म्हणायचे. लाजायचे नाही. खोटी हाक ठरली तर सर्जन फार तर डोळे वटारतील.

औषधाचा उपायही सापडला आहे, आणि तो सोपा आहे. प्रोपोफॉलच्या आधी अफूच्या कुळातले म्हणावे असे, पण कारखान्यात बनलेले एखादे औषध, फेंटानिल किंवा त्याचा भाऊ अल्फेंटानिल, अगदी थोडे द्यायचे. खोकल्याच्या जुन्या औषधांत अफूचा अंश का असे, ते आठवा. जे खोकल्याला लागू तेच शिंकेला. ही जोड दिली की सुईची शिंक फार कमी होते, असे पाहणाऱ्यांनी नोंदले आहे आणि माझाही अनुभव तोच आहे. पण त्याची दुसरी बाजू आहे. हे औषध श्वासाला मंदावते. प्रोपोफॉलही मंदावते. ऐंशीच्या घरातल्या रोग्याला दोन्ही मिळून जास्त झाली तर शिंक टळेल आणि श्वासच थांबेल. म्हणून मात्रा चिमूटभर, नाकाशी प्राणवायू, बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा, आणि भूल देणारा माणूस जागचा न हलणारा. शिवाय फेंटानिल घाईने ढकलले तर कित्येकांना त्यानेच खोकला येतो! सावकाश द्यायचे आणि दोन-चार मिनिटे थांबायचे. या दोन-चार मिनिटांचा धीर भल्याभल्यांना नसतो. बाहेर पुढचा रोगी कपडे बदलून बसलेला असतो ना.

सुईच टाळता आली तर सर्वांत बरे. थेंबांवर भागत असेल तर थेंब. नाही तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पडद्याला बारीक छेद घेऊन बोथट टोकाच्या नळीने औषध आत सोडण्याची रीत आहे. तिथे निदान तीक्ष्ण टोक तरी नाही.

नाकाखाली, वरच्या ओठाच्या खळगीत बोट दाबले की शिंक परतते, हा घरगुती उपाय तुम्हाला ठाऊक असेल. तो निव्वळ वेडगळ नाही. त्याच मज्जातंतूचा मधला फाटा तिथे येतो, आणि पुष्कळांना गुण येतो. पण सुई आत असताना मी त्यावर विसंबणार नाही. आणि रोगी जागा असेल, थेंबांवर काम चालले असेल आणि शिंक येतेसे वाटले, तर त्याने ती दाबत बसू नये. हात तर मुळीच वर आणू नये, कारण तोंडावर निर्जंतुक कापड असते. सरळ तोंडाने म्हणावे, “शिंक येतेय.” सर्जन हत्यारे बाहेर घेतात, तुम्ही शिंकता, काम पुढे चालू होते.

हे सगळे मी आत्याला समजावून सांगितले. फराळाचे डबे भरता भरता ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “शिंकेचं काय सांगायचं गं डॉक्टरांना? हसतील.”

“हसू देत. पण सांग.”

“बरं,” असे ती म्हणाली खरी. महिन्याभराने आम्ही तपासणीला गेलो. घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही हा माझा नियम, म्हणून आत्याला भूल देणार होता तो एक तरुण डॉक्टर, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने रक्तदाब, मधुमेह, दम्याचा त्रास, कवळी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सगळे नीट विचारले. शेवटी म्हणाला, “आणखी काही, आजी?”

“काही नाही हो,” आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली, जे तिला दिसत नव्हते.

मग मीच सांगितले. अण्णांचेही सांगितले. तो हसला नाही. कागदावर लिहून घेतले आणि खाली रेघ ओढली. रिक्षात बसल्यावर आत्या घुश्श्यात होती. कोपऱ्यावरचे वळण येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, “अण्णांना त्या डॉक्टरांनी काय काय बोलून घेतलं ते तू ऐकलं नाहीस. मी ऐकलंय. एवढा मोठा माणूस, उताणा पडून, डोळ्याला पट्टी, आणि नाही हो, नाही हो म्हणतोय. आपण आपली शिंक सांगायची, आणि मग काही झालं की म्हणणार, तुमच्यामुळेच झालं.”

मला मास्तर आठवले. त्यांच्याबद्दल मी तिला काही सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मुलगा होता म्हणालीस ना त्यांचा? त्याला तरी सांगायचं होतंस.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. दुसऱ्याला भूल देताना पाहणे किती कठीण असते ते त्या दिवशी कळले. त्या मुलाने फेंटानिल अगदी सावकाश दिले आणि घड्याळाकडे पाहत चार मिनिटे थांबला. सर्जनबाई हातमोजे घालून उभ्या, त्याही थांबल्या. मग पांढऱ्या औषधाचे थोडे थेंब. आत्याची जपमाळ पुटपुटणे थांबले. सर्जनबाईंनी करंगळी गालावर टेकवली आणि सुई पापणीपाशी आणली.

आत्याने खोल श्वास घेतला.

मी अर्धी उठलेच. पण माझ्या आधी तो म्हणाला, “थांबा, मॅडम.” सुई होती तिथेच, कातडीच्या बाहेर राहिली. आम्ही सगळे त्या श्वासाकडे पाहत होतो. दुसरा आला तो साधा. तिसराही साधा. त्याने मान हलवली. औषध गेले. त्या एवढ्याशा जागेत आठ-दहा मिनिटांनी आत्याचा जागा आवाज आला, “झालं का टोचून?” तेव्हा दगड झालेला मोतीबिंदू निघायला अजून पाऊण तास होता.

दुपारी आम्ही बाहेर पडलो. उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी, हातात औषधांची पिशवी. काळा चष्मा मी घरी विसरले होते. पायरीवर ऊन होते. आत्या थबकली, तोंड वर केले, आणि एक, दोन, तीन!

सवयीने माझ्या तोंडून निघाले, “शतंजीव.”

“अगं ए,” आत्या रुमाल शोधत म्हणाली, “ते मी तुला म्हणायचं.”